हौदावरची मशीद

मुंबईत तलावांची नावे पुष्कळ आणि तलाव मोजके. धोबीतलावाच्या चौकात आज पाणी दिसते ते पावसाळ्यात तुंबलेले तेवढेच. गोवालिया टँकवर ऑगस्ट १९४२ मध्ये 'छोडो भारत'ची हाक दिली गेली, तेव्हा तिथे तलाव नव्हता, मैदान होते. सी. पी. टँक, दोन टाकी, खारा तलाव ही नावे टॅक्सीवाल्याला सांगता येतात, पण त्यांतले पाणी दाखवता येत नाही. मुंबादेवीसमोरचा तलावही असाच गेला. विहारचे पाणी १८६० मध्ये नळाने शहरात आले, १८९२ मध्ये तानसाचे आले, आणि त्यानंतर पन्नासेक वर्षांत बेटावरचे बहुतेक तलाव भराव घालून बुजवण्यात आले.

या बुजवाबुजवीतून जे थोडे वाचले, त्यांतला एक क्रॉफर्ड मार्केटपासून हाकेच्या अंतरावर, शेख मेमन स्ट्रीटवर आहे. रस्त्यावरून तो दिसत नाही, कारण तो जामा मशिदीच्या पोटात आहे. पूर्वेच्या दरवाजातून आत गेले की अंगणापलीकडे पायऱ्या उतरतात, आणि खाली हिरवट, मासे असलेले, तळातल्या झऱ्यांचे पाणी. या पाण्यातून काळ्या दगडाच्या सोळा कमानी वर येतात आणि मशिदीचा भार त्यांच्यावर उभा आहे.

मशिदीत हौद असणे नवलाचे नाही. इथे मात्र हौदावर मशीद आहे. हा क्रम उलटा का झाला, याचे उत्तर शोधू लागले की मशीद या वास्तूकडे आपण ज्या खुणांवरून पाहतो त्या, म्हणजे घुमट आणि मिनार, थोड्या मागे पडतात. पुढे येते पाणी, पाण्याच्या कडेची दुकाने, आणि त्या दोहोंवर चालणारा मोहल्ल्याचा व्यवहार.

मशिदीला काय लागते?

मदिनेत इ. स. ६२२ नंतर उभी राहिलेली पैगंबरांची मशीद म्हणजे मातीच्या विटांच्या भिंतींनी वेढलेले एक मोठे अंगण होते. एका बाजूला खजुराच्या खोडांवर झावळ्यांचे छप्पर, कडेला राहण्याच्या खोल्या. घुमट नव्हता, मिनार नव्हता. अजान उंच छतावरून दिली जाई. तिथे नमाज होई, न्यायनिवाडा होई, बाहेरगावचे लोक उतरत, आणि ज्यांना घर नव्हते ते छपराखाली झोपत.

त्या अंगणात जे होते तेच मशिदीला आजही लागते. एक, दिशा: मक्केकडे तोंड करायचे, म्हणून आपल्याकडे पश्चिमेची भिंत महत्त्वाची आणि तिच्यात मेहराबचा कोनाडा. दोन, रांगेसाठी जागा: नमाज खांद्याला खांदा लावून रांगेत पढला जातो. विजापूरच्या जामा मशिदीत औरंगजेबाच्या काळात जमिनीवर काळ्या रेघांनी एकेका माणसाची जागा आखली गेली. अशा २,२५० जागा आहेत. त्या मशिदीचे नियोजित मिनार कधीच पुरे झाले नाहीत, पण मिनारांवाचून तिचे काही अडले नाही. अंगणही सर्वत्र सारखे नाही. गुलबर्ग्याच्या किल्ल्यातल्या बहमनी काळातल्या मशिदीला उघडे अंगणच नाही, सगळी वास्तू छताखाली आहे.

तिसरी गोष्ट पाणी. नमाजाआधी वजू करायचा, म्हणजे हात, तोंड, कोपरापर्यंतचे बाहू धुवायचे, डोक्यावरून ओला हात फिरवायचा, पाय धुवायचे. दिवसातून पाच वेळा नमाज, आणि शुक्रवारी दुपारी तर शेकडो माणसे एकाच वेळी. इतक्या लोकांनी हात बुडवलेले पाणी शुद्ध राहिले असे कसे म्हणायचे, हा प्रश्न धर्मशास्त्र्यांपुढे होता आणि त्याचे उत्तर त्यांनी मापात दिले. हनफी परंपरेत दहा हात लांब आणि दहा हात रुंद पाणी वाहत्या पाण्यासारखे धरतात. फारसीत याला 'दह दर दह' म्हणतात. ओंजळ भरताना तळ उघडा पडू नये, इतकी खोली पुरे. शाफई परंपरेचे माप निराळे आहे. दोन मोठे रांजण, म्हणजे सुमारे दोनशे लिटर पाणी असले, तर रंग, चव किंवा वास बदलेपर्यंत ते शुद्ध. दख्खनच्या पठारावरचे मुसलमान बहुतांशी हनफी, कोकणातले शाफई.

दहा हात म्हणजे साधारण पंधरा फूट. पठारावरच्या जुन्या मशिदींच्या अंगणात हौद इतका मोठा का, याचे पहिले कारण या मापात आहे. दुसरे कारण हवामानात आहे. इथे आठ महिने पाऊस नसतो. पंधरा फूट लांबी-रुंदीचा हौद बारा महिने भरलेला ठेवायचा तर विहीर हवी, मोट हवी, नाही तर दुरून आणलेली नहर हवी. त्यासाठी पैसा हवा आणि तो दरवर्षी हवा. एका धर्मविधीच्या पाण्यामागे अशी सगळी नगररचना येऊन उभी राहते. तिचा सर्वांत ठळक नमुना औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, पाहायला मिळतो.

नहर, मशीद आणि चक्की

मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी गाव राजधानीसाठी निवडले, तेव्हा तिथे खाम नदीचा क्षीण प्रवाह सोडला तर पाण्याची शाश्वती नव्हती. हबशी गुलाम म्हणून दख्खनेत आलेल्या आणि निजामशाहीचा कारभारी झालेल्या या माणसाने उत्तरेच्या डोंगरपायथ्याचे जमिनीखालचे पाणी भुयारी नहरीने शहरात आणले. तंत्र साधे आणि चोख होते. उंचावरच्या भूजलात चर खणायचा, तो हलक्या उताराने पुढे न्यायचा, ठराविक अंतरावर उसासे ठेवायचे आणि पुढे खापरी नळांतून ते पाणी वस्तीत खेळवायचे. पंप नाही, मोट नाही. पाणी आपल्या उताराने येते. पुढच्या दीडशे वर्षांत या नहर-ए-अंबरीला आणखी नहरी येऊन मिळाल्या.

या नहरींचे पाणी जिथे उघड्यावर येई अशा जागांपैकी एक शहागंज. शहागंजची मशीद साधारण १७२० ची. तिच्याविषयी खाफीखान या समकालीन इतिहासकाराने जे लिहून ठेवले आहे, ते बारकाईने वाचण्यासारखे आहे. त्याच्या सांगण्यानुसार तिथला मोठा हौद सय्यद हुसेन अलीने दख्खनच्या सुभेदारीत सुरू केला. मराठी वाचकाला हा हुसेन अली परका नाही. चौथाई-सरदेशमुखीचा करार करून बाळाजी विश्वनाथाला फौजेसह दिल्लीला घेऊन गेलेला सय्यद बंधूंपैकी धाकटा तोच. पुढे निजामाच्या बाजूच्या इवजखानाने तिथली मशीद आणि इमारती वाढवल्या, उंचावल्या. खाफीखान तरीही श्रेय पहिल्या माणसाला देतो, आणि का देतो तेही सांगतो: उन्हाळ्यात पाणी दुर्मिळ होते तेव्हा हा हौद शहरातल्या रहिवाशांचे हाल कमी करतो.

म्हणजे शहागंजलाही हौद आधी आणि मशिदीचा विस्तार मागाहून. त्याहून महत्त्वाचे म्हणजे खाफीखान इथे वजूचे नाव काढत नाही. त्याच्या लेखी हौदाची किंमत शहराच्या तहानेवर ठरते. शहरात तहानलेले सगळेच होते.

शहागंजची मशीद उंच जोत्यावर आहे. जोत्याच्या तीन बाजूंना बाहेरून दुकाने काढलेली, चौथ्या म्हणजे उत्तरेच्या बाजूने पायऱ्या. वर अंगणात मोठे हौद, खाली बाजार. जोत्याच्या पोटात दुकाने घालण्याची ही युक्ती दख्खनच्या बाजारपेठांत पुन्हा पुन्हा भेटते. दुकानाचे भाडे मशिदीला मिळते, मशिदीची वर्दळ दुकानाला मिळते.

शहराच्या पश्चिमेला खामच्या काठावर पाणचक्कीच्या आवारात हेच सूत्र आणखी पुढे गेलेले दिसते. बाबा शाह मुसाफिर हे बुखाऱ्याच्या बाजूने आलेले नक्शबंदी सूफी. त्यांच्या तकियात मध्य आशियातून दख्खनच्या फौजेत चाकरी शोधायला येणारे शिपाई, फकीर, प्रवासी उतरत. एवढ्या माणसांना पाणी हवे आणि पीठही हवे. काही किलोमीटरवरच्या झऱ्याचे पाणी बंद नळाने आणून ते उंच भिंतीवर चढवले गेले आणि तिथून खाली सोडले गेले. चढवायला यंत्र नव्हते. उगम भिंतीपेक्षा उंचावर असल्याने बंद नळातले पाणी आपोआप वर येई. खाली पडताना ते पात्यांचे चाक फिरवी, चाकावरचे जाते धान्य दळी, आणि तेच पाणी पुढे मशिदीसमोरच्या हौदात जाई. हे काम १७४४ च्या सुमारास पुरे झाले. हौद १६४ फूट लांब आणि ३१ फूट रुंद आहे. त्याचा तळ हेच खालच्या दालनाचे छत आहे. वर पाणी, खाली उन्हाळ्यातही गार राहणारी उतारूंची जागा. पाण्याच्या एका धारेने दळण, वजू आणि विसावा अशी तीन कामे केली आणि मग ती खाम नदीला मिळाली.

दिव्याचे तेल कोण देणार?

वास्तू बांधणे एकदाच होते. तिची दिवाबत्ती, झाडलोट, नहरीतला गाळ आणि हौदाची गळती रोजची असते. हा खर्च चालवण्याची व्यवस्था म्हणजे वक्फ. एखादी मिळकत धर्मकार्यासाठी कायमची बांधून द्यायची, ती विकायची नाही, वाटायची नाही, उत्पन्न तेवढे ठरल्या कामी लावायचे. गेल्या वर्षा-दोन वर्षांत, विशेषतः २०२५ च्या कायदादुरुस्तीनंतर, हा शब्द वर्तमानपत्रांत एवढा गाजला की त्यामागचा रोजचा हिशेब दिसेनासा झाला. तो हिशेब बहुतेक ठिकाणी लहानच असे: चार दुकाने, एक शेत, चिंचेची दोन झाडे.

पैसा नेहमी सुलतानाचाच होता असेही नाही. अहमदनगरची दमडी मशीद १५६७ ची. किल्ल्याच्या कामावरच्या मजुरांनी आपल्या मजुरीतून दमडी-दमडी काढून ती बांधली, अशी लोकांतली समजूत आहे. मशीद लहान आहे, पण तिच्या दगडातले कोरीवकाम नगरच्या निजामशाही वास्तूंत उजवे ठरते. समजूत खरी-खोटी कशीही असो, इतकी देखणी वास्तू लोकांनी बादशहाच्या नव्हे, मजुरांच्या नावे लावली, हे लक्षात ठेवायला हवे.

सत्ता बदलली तरी ही व्यवस्था पुष्कळ ठिकाणी चालू राहिली. शिवाजी महाराजांनी पीर आणि मशिदी यांची दिवाबत्ती स्थान पाहून पुढे चालवली, अशी नोंद सभासदाच्या बखरीत आहे. गावपातळीवर मशीद सांभाळणारा मुलाणा हा गावगाड्यातला हक्कदार होता. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा'त (१९१५) तो भेटतो. मशिदीत दिवा लावणे हे त्याचे काम आणि गावच्या जत्रेत बकरे हलाल करणे हाही त्याचाच मान. मुलाण्याने सुरी फिरवल्याशिवाय मटण शिजवायचे नाही, हा रिवाज अनेक मराठा घरांत होता. त्या बदल्यात सुगीला खळ्यावरून त्याला धान्य मिळे. ज्या गावात मुसलमानांची चार घरे, तिथे मशिदीचा दिवा असा साऱ्या गावाच्या धान्यावर जळे.

हे चित्र सगळे सलोख्याचेच होते असे म्हणणे खोटे ठरेल. दौलताबादची १३१८ ची जामा मशीद जुन्या देवळांच्या खांबांवर उभी आहे आणि ते खांब आपण कुठले आहोत हे लपवत नाहीत. त्याच मशिदीत हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर भारतमातेची मूर्ती बसली. मशिदी सत्तेने बांधल्या, सत्तेने पाडल्या आणि सत्तेने बदलल्याही. पण सत्तेच्या इतिहासाशेजारी दिव्याच्या तेलाचा आणि हौदाच्या गाळाचा इतिहास चालू असतो. तो कमी लिहिला गेला आहे.

त्या इतिहासात शेजारीपण कसे दिसते, हे फोंड्याला कळते. गोव्यातली फोंड्याची सफा मशीद आदिलशाही काळातली, १५६० ची. चिऱ्याच्या उंच जोत्यावर एकच दालन, वर कौलारू उतरते छप्पर, कारण कोकणातल्या पावसात सपाट गच्ची टिकत नाही. दक्षिणेला पायऱ्यांची चिरेबंदी तळी आहे आणि ती मशिदीहून कितीतरी मोठी आहे. तिच्या भिंतींत मेहराबीच्या आकाराचे कोनाडे काढलेले आहेत. याच फोंडा महालात काही मैलांच्या परिसरात मंगेशी आणि शांतादुर्गेच्या तळ्या आहेत. चिरा तोच, पायऱ्यांची उतरण तीच, पाणी धरण्याची युक्ती तीच. कोनाडे पाहिले नाहीत तर मशिदीची तळी कोणती आणि देवळाची कोणती, हे अनोळखी माणसाला सांगता येणार नाही.

कोकणी व्यापाऱ्याची अट

आता पुन्हा मुंबईकडे. किल्ल्याबाहेरच्या मैदानाकडे असलेली जुनी मशीद १७७० च्या सुमारास इंग्रज सरकारच्या हुकमाने पाडली गेली. नव्या मशिदीचे काम १७७५ मध्ये सुरू झाले. ते पुरे व्हायला १८०२ उजाडले, कारण मधली वर्षे जागेच्या वादात गेली. जागा एका कोकणी मुसलमान व्यापाऱ्याची होती आणि तिच्यात मोठा तलाव होता. शहराच्या जुन्या गॅझेटियरात या जागेची हकिकत दिली आहे. मशीद बांधायला त्या व्यापाऱ्याने संमती दिली ती एका अटीवर: तलाव जसाच्या तसा राहिला पाहिजे. म्हणून तलाव न बुजवता त्याच्यावर एक मजली इमारत उभारली गेली. पुढे मजले चढले, लाकडी खांब आले, सोळा कमानी आल्या, १८९३ मध्ये दगडी पायऱ्या आणि बांध आले. भोवती दुकानांचे कडे तयार झाले. शहागंजच्या जोत्यातल्या दुकानांची आठवण यावी अशीच ही रचना आहे.

या अटीमागे काय होते, याचा अंदाज त्या काळच्या मुंबईकडे पाहून बांधता येतो. खाऱ्या पाण्याने वेढलेल्या बेटावर गोड पाण्याचा साठा ही मोठी दौलत. तलाव-विहिरी बांधणे हे श्रीमंताच्या पुण्याचे सर्वमान्य माप होते. फ्रामजी कावसजी, कावसजी पटेल ही पारशी नावे तलावांना चिकटली ती उगीच नाहीत. फोर्टातली भिका बेहरामची विहीर १७२५ ची. कोकणी व्यापाऱ्याची अट याच परंपरेतली. त्याला मशीद हवी होती, पण मशिदीसाठी पाणी घालवणे त्याला मान्य नव्हते.

पुढे नळ आले आणि तलावांकडे पाहण्याची नजर फिरली. हिवतापाचे डास शहरातल्या विहिरी-तलावांत वाढतात, हे डॉ. बेंटली यांच्या १९११ च्या अहवालाने दाखवून दिले आणि पालिकेने विहिरी बंद करण्याचा, निदान झाकण्याचा सपाटा लावला. त्याला हिंदू, पारशी, मुसलमान या साऱ्यांनी धर्माच्या नावाने हरकती घेतल्या. आजच्या नजरेने पालिकेचे बरोबर होते, माणसे खरोखर मरत होती. पण त्या हरकतींचा एक परिणाम झाला. शहरातले जे थोडे जुने पाणी आज शिल्लक आहे, ते बहुतांशी कुणाच्या तरी श्रद्धेच्या आडोशाने उरले आहे: बाणगंगा, भिका बेहरामची विहीर, जामा मशिदीचा तलाव. ज्या तलावांना श्रद्धेचा आडोसा नव्हता, त्यांची मैदाने आणि चौक झाले. अठराव्या शतकात अट मशिदीला घातली होती, आणि विसाव्या शतकात मशिदीनेच तलाव राखला.

काठ आणि तोटी

बहुतेक मशिदींत आता वजूसाठी नळ आहेत. भिंतीला ओळीने तोट्या, समोर बसायला दगडी ओटे. पाणी वाहते असल्याने शुद्धतेचा प्रश्न सुटतो, दहा बाय दहा हातांची गरज उरत नाही. जिथे जागा अपुरी, तिथे हौद बुजवून आणखी दोन रांगांची सोय केली जाते. हा निर्णय समजण्यासारखा आहे. शुक्रवारी रस्त्यावर रांग आली की काय होते, हे मोहल्ल्याला ठाऊक असते.

पण काठ आणि तोटी यांत फरक आहे. हौदाच्या चारही काठांवर माणसे पाण्याकडे तोंड करून बसतात, त्यामुळे समोरच्या काठावरचा दिसतो. कोण आले, कोण आठवडाभर दिसले नाही, कुणाचा हात प्लास्टरमध्ये आहे, कुणाच्या घरी मयत झाली, हे नमाजाच्या आधीच कळते. तोटीपुढे बसलेल्या माणसाचे तोंड भिंतीकडे असते. दुसरा फरक पाण्याच्या मालकीचा. हौद आटला तर सगळ्यांना दिसतो आणि गाळ काढायला वर्गणी होते. नळाचे पाणी गेले तर पालिकेला फोन होतो.

काठावर कोण बसत नव्हते, हेही सांगायला हवे. हौदाने मोहल्ल्याला एकत्र आणले असे म्हणताना त्या मोहल्ल्यातल्या बायका बहुतेक ठिकाणी दरवाजाबाहेरच होत्या. २०१९ मध्ये पुण्याच्या एका दांपत्याने स्त्रियांना मशिदीत नमाजाची मोकळीक मिळावी म्हणून सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. त्यावर ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने स्त्रियांच्या प्रवेशाला इस्लामची मनाई नाही, असे न्यायालयाला कळवले. मनाई नसेल तर प्रश्न वास्तूचा उरतो: वेगळा दरवाजा, वेगळी रांग, वजूची वेगळी सोय. मशिदीचा आकार पूर्वी पाण्याने ठरवला. पुढे तो ठरवण्यात स्त्रियांचा वाटा असेल का, हा आजच्या मोहल्ल्यापुढचा प्रश्न आहे.

औरंगाबादेत आता पैठणहून, जायकवाडीच्या जलाशयातून, नळाने पाणी येते, आणि तेही काही दिवसांआड. टँकरची वाट पाहणाऱ्या वस्त्यांच्या खालून नहर-ए-अंबरी गेलेली आहे. कुठे तिच्यावर घरे झाली, कुठे खोदकामात ती फुटली, कुठे गाळाने बंद पडली. तिचे काही भाग अजून जिवंत आहेत. ती दुरुस्त केली तर लाखोंच्या शहराची तहान भागेल असे नाही. ती सुमारे चारशे वर्षांपूर्वीच्या वस्तीच्या मापाने बांधलेली होती. पण तिची निगा राखण्याची जी साखळी होती, म्हणजे दुकानाचे भाडे, हौदाचा मुतवल्ली, गाळ काढणारे हात आणि काठावर रोज डोकावणारी माणसे, ती तुटली तेव्हा नहर कुणाचीच उरली नाही.

हौद बुजवताना मोजमाप बहुधा चौरस फुटांत होते. किती जागा मोकळी झाली, किती माणसे मावतील. कोकणी व्यापाऱ्यासमोरही हेच गणित होते. सपाट जागेवर मशीद लवकर आणि स्वस्तात उभी राहिली असती. त्याने अट घातली, आणि अडीचशे वर्षांनंतर शेख मेमन स्ट्रीटच्या गर्दीखाली, सोळा कमानींच्या सावलीत, त्या तलावाचे झरे अजून चालू आहेत.